२९ फेब्रुवारीचा वाढदिवस: २८ ला, १ मार्चला, की चार वर्षांनी एकदा?

प्रश्न असा आहे: मुलीचा जन्म २९ फेब्रुवारी २०२४ चा. चारपैकी तीन वर्षं ही तारीख कॅलेंडरात नसतेच. मग वाढदिवस कोणत्या दिवशी धरायचा, कायद्याने वय कधी पूर्ण होतं, आणि काही ऑनलाइन फॉर्म ही तारीख स्वीकारतच नाहीत, तेव्हा शेजारची तारीख टाकली तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यातली चूक सर्वांत जास्त काळ छळते. नाही, चालणार नाही. जन्मतारीख आणि वाढदिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जन्मतारीख ही घडून गेलेली घटना आहे. ती जन्मदाखल्यावर २९ फेब्रुवारी अशी नोंदली गेली की प्रत्येक कागदावर तशीच राहायला हवी. वाढदिवस कधी धरायचा हा नियमाचा किंवा सोयीचा भाग आहे, तो दरवर्षी ठरवता येतो. फॉर्म अडला म्हणून एका ठिकाणी २८ फेब्रुवारी आणि दुसऱ्या ठिकाणी १ मार्च टाकलं, तर पंधरा-वीस वर्षांनी दोन कागद शेजारी ठेवले जातात आणि एकाच व्यक्तीच्या दोन जन्मतारखा निघतात. एका दिवसाचाच फरक आहे, समजून घ्या, असं सांगून तिथे भागत नाही. पडताळणी करणाऱ्या यंत्रणेला तारीख जुळते किंवा जुळत नाही एवढंच कळतं.

फॉर्म अडतो त्यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. पहिलं, दिवसांची यादी चालू वर्षावरून तयार होते. चालू वर्ष लीप नसेल तर फेब्रुवारीखाली २८ च दिवस दिसतात. दुसरं, दिवस आणि महिना भरताच तपासणी होते, वर्ष अजून कळलेलंच नसतं. तिसरं, वर्ष रिकामं असताना प्रणाली स्वतःहून १९०० धरते, आणि १९०० हे लीप वर्ष नव्हतं. म्हणून फॉर्म भरताना क्रम उलटा करा: आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस. तारीख निवडायच्या खिडकीऐवजी थेट टाइप करता येत असेल तर टाइप करा. मोबाइलवर अडलं तर संगणकावर दुसऱ्या ब्राउझरमध्ये करून बघा. एवढ्यानेही झालं नाही तर त्रुटीचा संदेश दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, जन्मदाखल्याची प्रत जोडून लेखी विनंती पाठवा आणि नोंद हाताने करून मागा. नोंद झाल्यावर छापील किंवा अंतिम प्रत उघडून तारीख स्वतः वाचा. पडद्यावर २९ दिसते आणि प्रमाणपत्रावर २८ छापली जाते, असंही होतं. त्याचं कारण पुढे प्रोग्रामरांसाठीच्या भागात आहे.

आधीच कुठे चुकीची तारीख गेली असेल तर मूल लहान आहे तोवर दुरुस्त करा. कागद कमी असतात आणि एका कागदाच्या आधारे दुसरा तयार होण्याची साखळी लांबलेली नसते. सुरुवात जन्मदाखल्यापासून करा, मग ज्या कागदाच्या आधारे बाकीचे निघाले तो, मग उरलेले.

आता कायद्याने वय कधी पूर्ण होतं ते पाहू. हा प्रश्न इतका टोकदार का होतो, याला साधं गणित कारणीभूत आहे. जन्मवर्ष चारने भागलं जातं आणि १८ ला चारने भागलं की दोन उरतात. त्यामुळे २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या कुणाचाही अठरावा वाढदिवस लीप वर्षात येऊच शकत नाही. २१ आणि २५ चंही तसंच. २०२४ चं मूल २०४२ मध्ये अठराचं होईल, आणि २०४२ च्या फेब्रुवारीला २८ च दिवस आहेत. १६, २०, ४०, ६० या वयांना मात्र अडचण नाही. अपवाद तो वाढदिवस नेमका २१०० सारख्या वर्षात येण्याचा.

देशोदेशीच्या कायद्यांनी याची उत्तरं वेगवेगळी दिली आहेत, आणि प्रत्येकामागे स्वतःचं तर्कशास्त्र आहे. हाँगकाँगमध्ये १९९० च्या कायद्याने बिगर-लीप वर्षात १ मार्च हा दिवस धरला जातो. तैवानच्या दिवाणी संहितेत, मुदतीच्या शेवटच्या महिन्यात जुळणारी तारीखच नसेल तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुदत संपते, म्हणून वर्ष २८ फेब्रुवारीसोबत पूर्ण होतं. जपानची रीत मला सर्वांत सुबक वाटते. तिथल्या १९०२ च्या वयगणनेच्या कायद्यात जन्माचा दिवस पहिला दिवस म्हणून मोजतात, त्यामुळे वय वाढदिवसाच्या आदल्या दिवसाच्या अखेरीस पूर्ण होतं. २९ फेब्रुवारीचा आदला दिवस म्हणजे २८, आणि तो दरवर्षी असतोच. प्रश्नच उरत नाही. भारताच्या १८७५ च्या सज्ञानता कायद्यात मुळात नेमकं हेच उदाहरण दिलेलं होतं: २९ फेब्रुवारी १८५२ रोजी जन्मलेली, न्यायालयाने पालक नेमलेली व्यक्ती (अशांसाठी तेव्हा वय २१ होतं) २८ फेब्रुवारी १८७३ च्या पहिल्या क्षणी सज्ञान होते. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना ही अडचण दीडशे वर्षांपूर्वीही दिसत होती. आजच्या कायद्यातही जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरायचा आणि अठराव्या वर्षपूर्तीच्या दिवसाच्या आरंभी व्यक्ती सज्ञान मानायची, ही पद्धत आहे.

पण रोजच्या व्यवहारात कायद्याचं कलम शोधत बसावं लागू नये. त्यासाठी एक सावध नियम पुरतो: जे मिळायचं ते १ मार्चला मागा, जे संपायचं ते २८ ला संपलं असं समजा. वयाची अट असलेला परवाना, खातं, अर्ज, प्रवेश यांसाठी १ मार्चला गेलात तर कोणताही नियम लावला तरी वय पूर्ण झालेलं असतं. परवाना, विमा, पालकाच्या पॉलिसीतलं संरक्षण, वयाची वरची मर्यादा असलेली सवलत किंवा अर्ज यांची मुदत वाढदिवसाला संपत असेल, तर सगळं २७ फेब्रुवारीपर्यंत उरकून घ्या. एखाद्या योजनेत ‘अमुक तारखेस वय पूर्ण असावे’ असं लिहिलं असेल आणि ती तारीख नेमकी २८ फेब्रुवारी किंवा १ मार्च असेल, तेव्हा मात्र अंदाज करू नका. संबंधित कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या आणि जपून ठेवा.

घरी वाढदिवस कधी करायचा? बरेच जण ‘खरा’ दिवस कोणता असं विचारतात. त्याचं उत्तर आकाशात आहे, आणि ते जन्मवेळेवर अवलंबून आहे. पृथ्वीचं ऋतुवर्ष साधारण ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटांचं असतं. म्हणजे जन्माच्या वेळी सूर्य जिथे होता तिथे तो परत येण्याची घडी दरवर्षी कॅलेंडरात ५ तास ४९ मिनिटांनी पुढे सरकते, आणि लीप दिवस आला की एक पूर्ण दिवस मागे येते. २९ फेब्रुवारीला पहाटे ३ वाजता जन्म झाला असेल तर पुढच्या वर्षी ही घडी २८ फेब्रुवारीला सकाळी ८.४९ ला येते, दुसऱ्या वर्षी २८ लाच दुपारी २.३८ ला, तिसऱ्या वर्षी २८ लाच रात्री ८.२६ च्या सुमारास, आणि चौथ्या वर्षी पुन्हा २९ ला पहाटे सव्वादोनला. या मुलाला तिन्ही वर्षं २८ फेब्रुवारीच जवळची. रात्री ९ वाजता जन्म असेल तर तिन्ही वर्षं ही घडी १ मार्चला येते.

यावरून दिवसाचे चार भाग पडतात. पहाटे ६.३४ च्या आधीचा जन्म: तिन्ही वर्षं २८. त्यानंतर दुपारी १२.२२ पर्यंत: पहिली दोन वर्षं २८, तिसऱ्या वर्षी १ मार्च. मग संध्याकाळी ६.११ पर्यंत: पहिल्या वर्षी २८, पुढची दोन वर्षं १ मार्च. त्यानंतरचा जन्म: तिन्ही वर्षं १ मार्च. वेळ जन्मस्थळाची धरायची. ग्रहांच्या ओढीमुळे प्रत्यक्ष घडी काही मिनिटं पुढेमागे होते, म्हणून सीमेला चिकटून जन्मवेळ असेल तर दोन्हीपैकी कोणताही दिवस घ्या. मुलांना ही पद्धत फार आवडते, कारण दिवस आईबाबांच्या सोयीने ठरत नाही, त्यांच्या स्वतःच्या जन्मवेळेवरून ठरतो.

ज्यांना एवढ्या हिशेबात पडायचं नाही त्यांच्यासाठी दोन सरळ बाजू आहेत. ‘फेब्रुवारीचा शेवटचा दिवस’ म्हटलं की २८ येते, महिना तोच राहतो. ‘वर्षाचा साठावा दिवस’ म्हटलं की १ मार्च येतो: ३१ अधिक २९ म्हणजे ६०, लीप वर्षात साठावा दिवस २९ फेब्रुवारी, इतर वर्षी १ मार्च. दोन्ही तितकेच खरे आहेत. किंबहुना २९ हाच ‘जादा’ दिवस आहे हेही मुळात खरं नाही. रोमन पद्धतीत जादा दिवस २३ फेब्रुवारीनंतर घातला जाई, म्हणजे २४ तारीखच दोनदा मोजली जाई. तेव्हा वादात वेळ घालवू नका, एक रीत ठरवा आणि ती टिकवा. मुलाला त्रास होतो तो दरवर्षी तारीख बदलण्याचा, आणि ‘यंदा तुझा वाढदिवस नाहीच’ हे ऐकण्याचा.

हे वाक्य घरात कुणीही, गमतीनेही, लहान मुलासमोर बोलू नये असं माझं ठाम मत आहे. मोठ्यांना ‘वय ४०, वाढदिवस १०’ ही गंमत वाटते. पण पाच वर्षांच्या मुलाला ‘तू तर फक्त एक वर्षाची’ म्हटलं की ते खरं वाटतं, कारण त्या वयात वाढदिवस होतो म्हणूनच आपण मोठे होतो अशी समजूत असते. सात-आठ वर्षांपर्यंत वय नेहमीसारखंच सांगा. कारण समजावायचं असेल तर शब्दांपेक्षा कागद बरा. एकाच रंगाच्या चार पट्ट्या कापा, प्रत्येक पट्टी म्हणजे ‘पाव दिवस’. सांगा की वर्ष संपतं तेव्हा पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी पाव दिवस उरलेली असते, तो पाव दिवस आपण डब्यात जमा करतो. दर वाढदिवसाला एक पट्टी डब्यात टाका. चौथ्या वर्षी चारही जोडून एक पूर्ण दिवस होतो, त्यावर २९ फेब्रुवारी लिहा. चार वर्षं चालणारा हा खेळ मुलं विसरत नाहीत. पट्टी टाकायचा दिवस म्हणजे आपोआप वाढदिवसाचा दिवस.

चौथ्या वर्षीचा सोहळा मोठा करायचा असेल तर वार आधी बघून ठेवा. दर चार वर्षांनी वार पाच दिवसांनी पुढे जातो. २०२४ ला गुरुवार होता. २०२८ ला मंगळवार, २०३२ ला रविवार, २०३६ ला शुक्रवार, २०४० ला बुधवार, २०४४ ला सोमवार, २०४८ ला शनिवार, आणि २०५२ ला पुन्हा गुरुवार. अठ्ठावीस वर्षांचं चक्र.

फोनच्या किंवा संगणकाच्या कॅलेंडरात २९ फेब्रुवारीला ‘दरवर्षी’ अशी आठवण लावली, तर अनेक ॲप ती चार वर्षांनी एकदाच दाखवतात. हा बिघाड नाही. कॅलेंडरांच्या सर्वमान्य प्रमाणकातच, जी तारीख अस्तित्वात नाही ती वगळायची, असा नियम आहे. उपाय सोपा आहे. ॲपमध्ये ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ असा पर्याय असेल तर दर फेब्रुवारीचा शेवटचा दिवस निवडा, म्हणजे २८ किंवा २९ आपोआप येईल. प्रमाणकात यासाठी महिन्याचा दिवस ‘उणे १’ असा लिहिता येतो. १ मार्चची बाजू घेणाऱ्यांनी ‘वर्षाचा दिवस ६०’ लिहावा, तोही दोन्ही प्रकारच्या वर्षांत बरोबर बसतो. हे पर्याय नसतील तर २८ फेब्रुवारीला साधी वार्षिक आठवण लावा आणि शीर्षकात खरी जन्मतारीख लिहा. संपर्कयादीतल्या जन्मतारखेच्या रकान्यात मात्र २९ च ठेवा.

आता ज्यांच्या हातून हे फॉर्म आणि प्रणाली तयार होतात त्यांच्यासाठी. मूळ दुखणं असं की एकाच प्रणालीत दोन वेगळे नियम नकळत शिरतात. वय काढताना बहुतेक जण वर्षांची वजाबाकी करतात आणि महिना-दिवस अजून आला नसेल तर एक कमी करतात. या तुलनेत २८ फेब्रुवारी ही २९ च्या आधीची ठरते, म्हणून वय १ मार्चला पूर्ण होतं. पण ‘अठरा वर्षं पूर्ण होण्याची तारीख’ काढताना तीच माणसं जन्मतारखेत वर्षं मिळवतात. जावा, सी-शार्प, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस यांत २९ फेब्रुवारीत एक वर्ष मिळवलं की २८ फेब्रुवारी मिळते. जावास्क्रिप्ट आणि पीएचपीत १ मार्च मिळतो. पायथनमध्ये तारखेचं नुसतं वर्ष बदललं तर त्रुटीच येते. एक्सेलमध्ये वर्ष, महिना, दिवस देऊन तारीख बनवली तर १ मार्च, आणि बारा महिने पुढे नेणारं ईडेट सूत्र वापरलं तर २८ फेब्रुवारी. परिणाम असा की एका पडद्यावर ‘पात्र’ आणि दुसऱ्यावर ‘अपात्र’, तोही वर्षातून एकच दिवस, म्हणून चाचणीत सापडत नाही.

करायचं ते असं: नियम आधी लिहून घ्या (कायदा काय म्हणतो ते बघून), तो एकाच फंक्शनात ठेवा आणि वय व पात्रता-तारीख दोन्ही त्यातूनच काढा. जन्मतारखेत कधीही क्रमाक्रमाने एकेक वर्ष मिळवत जाऊ नका. पहिल्याच उडीत २८ झाली की पुढे लीप वर्ष आलं तरी २८ च राहते. नेहमी मूळ तारखेपासून मोजा. तारीख फक्त तारीख म्हणून साठवा, मध्यरात्रीची वेळ जोडून नको. टाइमझोन बदलला की ती एक दिवस सरकते, आणि २९ ची २८ झालेली पाहून ‘प्रणालीने दुरुस्त केली असेल’ असंच पाहणाऱ्याला वाटतं. छापील प्रमाणपत्रावरची चूक बहुधा इथूनच येते. वर्षाशिवाय वाढदिवस साठवायचा असेल तर आधारवर्ष लीप निवडा. ॲपलची संपर्कयादी त्यासाठी १६०४ वापरते. ओरॅकलमध्ये महिने मिळवणारं फंक्शन वापरत असाल तर उलटा सापळाही लक्षात ठेवा: २८ फेब्रुवारी २०२३ हा महिन्याचा शेवटचा दिवस असल्याने त्यात बारा महिने मिळवले की २९ फेब्रुवारी २०२४ मिळते. २८ ला जन्मलेल्यांचा वाढदिवस त्यामुळे हलतो.

चाचणीसाठी जन्मतारीख २९ फेब्रुवारी २००४ घ्या आणि २८ फेब्रुवारी २०२२ व १ मार्च २०२२ या दोन्ही दिवशी वय तपासा. १९०० आणि २१०० ची २९ फेब्रुवारी नाकारली गेली पाहिजे, २००० ची स्वीकारली गेली पाहिजे. एक्सेल १९०० ला लीप वर्ष मानतं, लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रामशी सुसंगत राहण्यासाठी तसं ठेवलं गेलं, म्हणून तिथून आलेल्या जुन्या तारखा वेगळ्या तपासा. ‘एक वर्षाची मुदत’ देणारी प्रत्येक जागा शोधा. २९ फेब्रुवारी २०१२ ला मायक्रोसॉफ्टची अझूर ही क्लाउड सेवा कोलमडली ती याच कारणाने: सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत वर्षाच्या आकड्यात एक मिळवून काढली जात होती, आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीख नव्हतीच.

शेवटी शतकाचा मुद्दा. चारने भाग जाणारं वर्ष लीप, पण शतकवर्ष चारशेने भागलं गेलं तरच लीप, हा १५८२ च्या ग्रेगोरियन सुधारणेचा नियम. चारशे वर्षांत ९७ लीप दिवस येतात, शंभर नाही. त्यामुळे १८९६ नंतर २९ फेब्रुवारी थेट १९०४ ला आली. भारताचे माजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. जन्मानंतरची पहिली २९ फेब्रुवारी ते आठ वर्षांचे झाले तेव्हा आली, आणि १९९५ च्या एप्रिलमध्ये ९९ व्या वर्षी ते गेले तोवर अशा २३ तारखा झाल्या होत्या. नुसतं चारने भागलं असतं तर २४ आल्या असत्या. पुढची अशी पोकळी २०९६ ते २१०४ ची आहे. २०२४ च्या मुलीच्या वाट्याला ७२ व्या वर्षीची २९ फेब्रुवारी येईल, ७६ व्या वर्षीची येणार नाही, आणि त्यानंतरची येईल ती ८० पूर्ण होताना.